विक्रोळीला न हरवलेली मांजर

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. सांगायला तशी फार मोठी नाही. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचं घर बसलं नाही. एक मांजर एका घरातून दुसऱ्या घरात गेली, एवढंच झालं. पण ती कुठल्या घरात गेली हे मला ठाऊक होतं, आणि ज्या बाईला ते कळायला हवं होतं तिला मी सांगितलं की मांजर विक्रोळी स्टेशनवर उडी मारून पळाली.

आता वय झालं. मुलुंडच्या त्या चाळीतलं जुनं कोणी लग्नामुंजीत भेटलं, की अजून माझी ओळख करून देतात, "मांजरासाठी रेल्वेचे रूळ तुडवणारा माणूस हा!" मी नको नको म्हणतो. त्यांना तो माझा विनय वाटतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न व्हायचं होतं. मुलुंडला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. कोण किती वाजता आला, कोण आलाच नाही, हे लिहून ठेवणं माझं काम. त्यात माझा हात कोणी धरला नसता. चाळीतली खालच्या मजल्यावरची एक खोली मला मिळाली होती. मागे मोकळं माळरान, पलीकडे मिठागरं. शेजारच्या खोलीत एक मालवणकडच्या विधवा काकू राहायच्या. यजमान गिरणीत होते, ते वारल्यावर काकू खानावळीसारखे चार-पाच डबे करून द्यायच्या. त्यातला एक डबा माझा.

आणि त्यांच्या दाराशी ती मांजर. पांढरी, डावा कान काळा, पाठीवर शाईची दौत कलंडल्यासारखा एक डाग. म्हटलं तर साऱ्या चाळीची, म्हटलं तर कोणाचीच नाही. काकूंनी तिला नावसुद्धा ठेवलं नव्हतं. "गो बाय" म्हणून हाक मारायच्या, आणि ती यायची. काकू डब्यांचे मासे साफ करायला बसल्या की ती दोन हात अंतरावर बसून राही, पण ताटाला कधी तोंड लावत नसे. काकूंनी टाकलं तरच खाई. चाळीतल्या कित्येकांना एवढी रीत नव्हती, असं काकू मोठ्यानं म्हणायच्या, आणि ज्यांना ऐकू जायला हवं त्यांना जायचं.

आदल्या वर्षीच्या दिवाळीत तिची वाट लागली होती. ती जिन्याखाली निजली होती आणि कोणीतरी लवंगी फटाक्यांची अख्खी माळ नेमकी तिथे भिरकावली. पाठीवरचे केस जळाले. मग चार दिवस ती काकूंच्या मोरीत, पाण्याच्या पिंपामागे. ना दूध, ना मासा. काकूही त्या चार दिवसांत धड जेवल्या नाहीत, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. माझ्या डब्यात भात करपलेला यायला लागला, त्यावरून मला कळलं.

त्यामुळे या वर्षी दसरा झाला तशी काकूंनी पाण्याच्या नळावर विषय काढला. "ह्या वर्षी दिवाळीत हिला खंय तरी ठेवूक व्हयी."

आमच्या वरच्या मजल्यावर रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले एक गृहस्थ होते. सगळी चाळ त्यांना टीसी म्हणे. ते दात घासता घासता म्हणाले, "काकू, दिवाळी कुठे नाही सांगा? कुलाब्यापासून कल्याणपर्यंत फटाके. मांजराला काय महाबळेश्वरला पाठवता?"

"जिथं दिवाळी नाय असा घर बघायचा."

"असं घर कुठलं?"

"ज्या घरात औंदा मयत झाली त्या घरात खंयची दिवाळी?"

टीसींचा दात घासायचा हात थांबला. नळावर सगळ्यांना एकदम पटलं. वर्षाच्या आत ज्या घरात माणूस गेलं, तिथे कंदील लागत नाही, कढई चढत नाही, फटाका तर नावाला नाही. शेजारीपाजारीही त्या दारापुढे आवाज करत नाहीत. मांजराला याहून सुरक्षित जागा अख्ख्या मुंबईत नव्हती.

मग पुढचे चार दिवस चाळीत जो शोध चालला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. एरवी मयताचा विषय निघाला की "शुभ बोल रे" म्हणणारी माणसं उत्साहानं विचारत होती, "तुमचे कळव्याचे काका बरेच आजारी होते ना? त्यांचं काय झालं?" समोरचा ओशाळून म्हणायचा, "नाही हो, सुधारले ते." "अरेरे," विचारणारा म्हणायचा, आणि मग जीभ चावायचा. एकीची सासू श्रावणात गेली होती, पण त्यांचं घर नागपूरला. एकाची आत्या गेली होती, तिच्या घरी दोन कुत्रे. टीसींनी तर वही केली होती.

शेवटी वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूंनी माझा डबा ठेवता ठेवता विचारलं, "तुझ्याकडे नाय रे कोण गेला ह्या वर्षात?"

मी "नाही" म्हणणार होतो. नऊ महिने मी तेच म्हणत होतो, कोणी विचारलं नव्हतं तरी. पण त्या दिवशी काकूंचा चेहरा असा होता की तोंडातून निघून गेलं, "मामा गेले. घाटकोपरला."

"कधी?"

"माघात."

आमच्या चाळीत कोणाला ढेकर आला तरी दुसऱ्या मजल्यावर कळायचं. आणि मी मामा गेल्याचं नऊ महिने बोललो नव्हतो. काकू एवढंच म्हणाल्या, "मामी एकटी आसा?"

"एकटीच."

"मग बरा," काकू म्हणाल्या. "तिलाही सोबत."

इथे मला मामांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील मी लहान असताना गेले. मामांनी मला घाटकोपरला आणलं. मॅट्रिकपर्यंत शिकवलं, नोकरीला चिकटवलं, मुलुंडची ही खोलीसुद्धा त्यांच्या शब्दावर मिळाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या, पुढे लहानसा ओटा, आणि ओट्यावर वेताची एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून मामा मला गणितं घालत. चुकलं तर ओरडत नसत. पाटी पुसून तेच गणित परत घालत.

माघात एका सकाळी ऑफिसात निरोप आला, मामा पहाटे गेले. त्याच दिवशी अकरा वाजता साहेबानं मला बोलावलं होतं, वरच्या जागेसाठी. मी मनात म्हटलं, मामा आता थोडेच थांबलेत, अकराचं आटपून जाऊ. अकराचं दोन वाजता झालं. मग वाटलं, आता तिकडे सगळं उरकलं असेल, सगळे विचारतील इतका वेळ कुठे होतास. उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी लाज एक दिवसानं वाढलेली होती. दहाव्याला मी कळवलं की ताप आहे. ताप नव्हता. तेराव्याला मात्र खरंच आला, पण तो कळवला नाही, कारण आता कोण खरं मानणार. ती वरची जागा मला मिळाली. मिळाल्याचं कळवायचं एकच घर होतं, आणि तिथेच मी जात नव्हतो. असे नऊ महिने. दुसऱ्यांची गैरहजेरी लाल शाईनं मांडणारा मी.

तर अशा घरी मी धनत्रयोदशीच्या दुपारी, अर्ध्या दिवसाची रजा काढून, मांजर घेऊन निघालो.

काकूंनी मांजराला आंब्याच्या करंडीत घातलं होतं. खाली स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी. वरून झाकण आणि सुतळी. झाकणाच्या दोन पट्ट्या मात्र काढून ठेवल्या होत्या.

"फट कशाला, काकू? हात घालील बाहेर."

"घालूंदे. तिका वाट बघूंदे. डोळे झाकून मांजर न्हेलंय तर परत येवक विसरता." मग करंडीपाशी बसून त्यांनी तिला सांगितलं, "गो बाय, चार दिस. भाऊबीज झाली की हो तुका घेऊन येतलो."

हो म्हणजे मी.

टीसींनी स्टेशनवर सोडायला येऊन सूचना दिली, "कोणी विचारलं तर आंबे सांग." मी म्हटलं, आश्विनात? ते म्हणाले, "लोणच्याचे."

दुपारची गाडी होती, डबा रिकामा. घाटकोपर येईपर्यंत मांजर एकदाही ओरडली नाही. फटीतून बाहेर बघत होती. मी मात्र मनात वाक्यं जुळवत होतो. "मामी, यायला जमलं नाही." "मामी, तब्येत." "मामी, साहेब." एकही उभं राहीना. मग सुचलं, सरळ मांजराचंच बोलावं. कामानं आलोय, चार दिवस ठेवून घे, येतो. कामाला आलेल्या माणसाला कोणी फार विचारत नाही.

मामींच्या आळीत सगळीकडे कंदील होते. त्यांच्या ओट्यावर नव्हता. रांगोळी नव्हती. दार अर्धं उघडं. मी करंडी हातात घेऊन उभा राहिलो. मामी आतून आल्या. नऊ महिन्यांत त्यांची उंची कमी झाली होती की काय कोण जाणे. त्यांनी मला पाहिलं, मग करंडी पाहिली.

"आलास," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, पहिला सण आहे, तू येशील."

मी करंडी खाली ठेवली.

"फराळ आणलास होय रे? कशाला एवढा? मी एकटी, किती खाणार? आणि तुला कोणी करून दिला?"

तेवढ्यात फराळ हलला.

सुतळी मामींनीच सोडली. मांजर बाहेर आली, दोन क्षण उभी राहिली, अंग ताणलं, आणि सरळ जाऊन वेताच्या खुर्चीत बसली. खुर्ची आत आणून भिंतीला लावलेली होती. तिच्यावर मामांचं घडी केलेलं उपरणं होतं. मांजर त्यावर गोल झाली आणि डोळे मिटून घेतले, जणू काही गेलं वर्षभर तिला तिथेच यायचं होतं.

मी धावलो. "हूट, हूट! मामी, मी काढतो—"

"असूंदे," मामी म्हणाल्या. "नको उठवू. त्या खुर्चीत कोणी बसतच नाही रे. येतं ते माणूस बघतं नि सतरंजीवर बसतं." आणि त्या खाली बसून त्या मांजराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दूध तापवते. घरात दूध आहे बघ, रोज घेते मी, आणि रोज नासतं."

त्या स्टोव्ह पेटवायला उठल्या. आता सांगावं, मी ठरवलं. मामी, ही चार दिवसांपुरती आहे. मामी, ही आमच्या काकूंची आहे. तोंड उघडलं, तर पाठमोऱ्या मामीच बोलायला लागल्या.

"दहाव्याला कावळा शिवेना. तासभर झाला. भटजी कंटाळले. सगळे काही काही बोलले, घराचं बघू, हिला सांभाळू. छे. मग तुझ्या मावसभावानं म्हटलं, भाच्याची वाट बघताय का? येईल तो. आजारी आहे, बरा झाला की येईल. तर काय सांगू, लगेच शिवला." स्टोव्हला पंप मारत त्या म्हणाल्या, "माझ्या मनात होतंच, तू येशील. एकटी आहे हे लक्षात ठेवून कोणी आणलं असतं रे असं? फराळ काय, सगळेच आणतात."

मामींच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर माझी सुटका झाली असती. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान रागावता तरी येतं. मी म्हणालो, "मला वाटलं, तुला सोबत होईल."

हे खोटं इतकं सहज निघालं की मला स्वतःलाच खरं वाटलं. मग मी चहा प्यालो. मांजर दूध प्याली. आळीत कुठेतरी लांब एक फटाका वाजला, आणि मांजरानं फक्त काळा कान हलवला. काकूंचा हिशेब अगदी बरोबर होता. ते घर सुरक्षित होतं.

भाऊबीजेनंतरचा रविवार उजाडला. चाळीतून निघताना काकूंनी एक पुडी दिली, मामींसाठी चकल्या. "सांग, मांजरीन तरास दिला तर माफ कर." वाटेत मी शपथा घातल्या, आज सांगायचंच. मामींच्या दारी गेलो तर त्या ओट्यावर बसलेल्या, मांजर मांडीवर, आणि शेजारणीला सांगत होत्या, "ह्यानं आणली. भाच्यानं."

शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंत हो."

मामींनी विचारलं, "त्या दिवशी करंडी इथे विसरलास, ती न्यायला आलास का?"

"नाही," मी म्हणालो. "ती तिला झोपायला."

गाडीत बसलो तेव्हा हात मोकळे होते. मुलुंड यायच्या आत काहीतरी जमवायला हवं होतं. खरं सांगणं सोपं होतं, हे मला आज कळतं. काकूही विधवा होत्या. "तिलाही सोबत," असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. मी सांगितलं असतं की मामींना मांजर सोडवत नाही, तर त्या दोन दिवस गप्प राहिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या असत्या, ऱ्हवूंदे तिकडे. फार तर महिन्याला एकदा बघायला गेल्या असत्या. पण त्या तिथे गेल्या असत्या, म्हणजे दोघी बोलल्या असत्या. काकू म्हणाल्या असत्या, आम्ही मयताचं घर शोधत होतो. आणि मामींना कळलं असतं की त्यांचा भाचा पहिल्या सणाला का आला. मला तेवढं सहन होण्यासारखं नव्हतं. बाहेर विक्रोळीचा फलाट आला आणि गेला, आणि त्या फलाटानं मला उत्तर दिलं.

काकू दारातच उभ्या होत्या. मांजराची दुधाची वाटी धुऊन ठेवलेली दिसत होती.

"विक्रोळीला," मी म्हणालो, "गाडी थांबली, आणि तिनं झाकण उचकटलं, आणि... काकू, मी उतरलो, धावलो तिच्यामागे. रुळावरून गेली. झाडीत."

खालच्या मानेनं बोलायला मला अभिनय करावा लागला नाही. मान खरोखरच वर येत नव्हती. टीसी जिन्यातून खाली आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि रेल्वेच्या माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला, "मांजर पळाली हे समजलं. करंडी पण पळाली का?"

"रागानं फेकून दिली," मी म्हणालो.

टीसी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. काकूंनी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू कित्याक रडतंस? येतली रे ती. खंय जातली? वाट बघलीहा तिनं." मग आत जाता जाता म्हणाल्या, "माझीच चूक. माका शानपण सुचला. मोरीत बसली असती चार दिस, घरात तरी असती."

तेव्हापासून काकू कोणीही विचारलं की हेच म्हणायच्या. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मी ती घेऊ दिली.

चाळीनं मला डोक्यावर घेतलं. मांजरामागे रुळावर धावलेला माणूस! नळावर पाण्यासाठी मला आधी नंबर मिळू लागला. टीसींच्या मनात काय होतं देव जाणे, पण त्यांनी विक्रोळीच्या स्टेशनातल्या लोकांना सांगून ठेवलं, काळ्या कानाची मांजर दिसली तर कळवा. पंधरा दिवसांनी ते स्वतःच एक मांजर पोत्यात घालून घेऊन आले. पांढरी होती. कान मात्र दोन्ही पांढरे.

काकूंनी तिला पोत्यातून काढली, दूध दिलं, पाठीवरून हात फिरवला. "ही नव्हं."

"कान धुतला असेल काकू," टीसी म्हणाले. "विक्रोळीला पाऊस झाला परवा."

काकू हसल्या. मग म्हणाल्या, "हिचीपण कोण वाट बघत आसतली. जा, जिथं गावली तिथं सोडून ये. आत्ताच जा."

"आत्ताच? अहो, ड्यूटी करून आलोय."

"आत्ताच."

आणि टीसी गेले हो, पोतं घेऊन, चहा न पिता. मी दारात उभा राहून हे सगळं पाहिलं, आणि एक शब्द बोललो नाही. पुढे अनेकदा मला वाटलं, की त्या दिवशी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो असतो, तरी दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी सांगून टाकलं असतं. टीसींनी हसून सोडलं असतं कदाचित.

घाटकोपरला मात्र मी आता दर रविवारी जाऊ लागलो. भीतीनं, हे खरं. मामी मुलुंडला येतील या भीतीनं. त्या म्हणायच्या, "तुझी खोली दाखव की एकदा." मी म्हणायचो, "कशाला मामी, जिने आहेत." मी तळमजल्यावर राहत होतो. ज्या खोलीसाठी मामांनी शब्द टाकला ती मी मामींना कधी दाखवली नाही. आणि त्या सगळ्यांना सांगायच्या, भाचा एक रविवार चुकवत नाही. तेही खरंच होतं.

आता त्या पुढच्या चैत्राचं सांगतो. मूळ सांगायचं ते हेच आहे. मांजराबद्दल जे खोटं बोललो ते एका दिवसाच्या भीतीनं, त्याला मी अजूनही कसंबसं समजून घेतो. चैत्रातलं समजून घेता येत नाही.

मांजरीनं आंब्याच्या त्याच करंडीत तीन पिल्लं घातली. काकूंच्या लुगड्याच्या घडीवर. दोन करडी होती. तिसरं पांढरं, डावा कान काळा, पाठीवर तोच शाईचा डाग. हुबेहूब. मामींनी ते ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरलं.

"हे तुला. तूही एकटाच आहेस तिकडे. घेऊन जा."

त्याचे डोळे नुकते उघडले होते. मला माहीत होतं ते कोणाकडे जायला हवं. सहा महिने काकूंच्या दाराशी संध्याकाळी वाटी भरून ठेवलेली असायची, आणि सकाळी ती त्या स्वतःच मोरीत ओतायच्या. पिल्लू त्यांच्या हातात दिलं असतं तर त्यांनी काही विचारलंही नसतं कदाचित. पण तो कान. तो डाग. चाळीत कोणीतरी म्हटलं असतं, "अरे, हे तर तिचंच!" टीसींनी म्हटलं असतं, "विक्रोळीला मिळालं वाटतं?"

मी म्हणालो, "मामी, आमच्या चाळीत मांजर ठेवू देत नाहीत."

"असं?" मामी म्हणाल्या. "काय माणसं असतात एकेक!"

ते पिल्लू शेजारणीच्या बहिणीनं कुर्ल्याला नेलं.

काकू त्या चाळीत आणखी दोन पावसाळे राहिल्या. मग गुडघे धरले, डबे होईनात. दिराचा मुलगा येऊन त्यांना गावी घेऊन गेला. निघताना सगळी भांडीकुंडी वाटली. मला ती वाटी दिली, पितळेची, काठाला पोचा आलेली.

"ती आली," त्या म्हणाल्या, "तर घरात मी नाय बघून जायत. तू दूध ठेव हां. माका वचन दे."

मी वचन दिलं. आणि पाळलं. दीड वर्षं, लग्न होऊन खोली सोडेपर्यंत, रोज संध्याकाळी मी त्या वाटीत दूध ठेवलं, अशा मांजरासाठी जी त्याच वेळी घाटकोपरला वेताच्या खुर्चीत बसलेली असायची. आसपासचे चार बोके येऊन पिऊन जात. नवी बिऱ्हाडं आपल्या मुलांना मला दाखवत, "बघा, शब्द पाळणं याला म्हणतात."

काकू गावाला वारल्याचं पत्र टीसींना आलं. त्यांनी मला वाचून दाखवलं. दोन ओळी होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची घडी केली आणि विचारलं, "विक्रोळीला खरंच उतरला होतास का रे?"

मी म्हणालो, "हो."

"बरं," ते म्हणाले. पुढे कधी विचारलं नाही.

मांजर त्यानंतर बरीच वर्षं जगली. मामी तिच्याही पुढे जगल्या, आणि शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "हे गेल्यावर मला तगवलं ते भाच्यानं." त्यांच्या दहाव्याला मी पहिल्यापासून हजर होतो. कावळा ताबडतोब शिवला. मामींची माझ्याबद्दल काही इच्छा राहिलेली नव्हती. ज्यांची राहिली होती त्यांचा दहावा मालवणकडे कुठेतरी होऊन गेला, आणि तिथे कावळा शिवला की नाही हे मी कोणाला विचारलेलं नाही.

मामींच्या मागे ती करंडी मी घेऊन आलो, आता माझ्या माळ्यावर आहे. झाकणाच्या दोन पट्ट्या अजून नाहीत. बायकोनं दोनदा टाकायला काढली, दोनदा मी परत ठेवली, आणि तिला कारण सांगितलं नाही. आता ती हे वाचेल.

काळ्या कानाचं एक पिल्लू मी काकूंचं देणं लागतो. आणि एक वाक्य: ती हरवली नव्हती, घाटकोपरला होती, सुखात होती.